‘रायट ॲक्ट’ वाचून दाखवला, म्हणजे नेमकं काय केलं?

ताई, नमस्कार.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. आमचा क्लायंट मँचेस्टरचा. गेल्या दोन महिन्यांत आमच्या तीन रिलीझ उशिरा गेल्या, आणि एकीत चाचणी अर्धवट राहिल्यामुळे त्यांच्या ग्राहकांची बिलं चुकली. मागच्या मंगळवारी त्यांच्या मॅनेजरनं आमच्या सगळ्या टीमसोबत कॉल घेतला. तो नेहमीसारखाच शांत होता. ‘थोडी काळजी वाटते’, ‘पुढच्या वेळी चाचणीचा अहवाल आधी पाहायला आवडेल’, ‘नाहीतर इतर पर्यायांचा विचार करावा लागेल’ असं काहीसं बोलला. आम्ही ‘शुअर, शुअर’ म्हणालो आणि कॉल संपला. गुरुवारी त्यानं आपल्या साहेबांना लिहिलेली मेल चुकून मलाही आली. तिच्यात एक वाक्य होतं : ‘आय रेड पुणे द रायट ॲक्ट ऑन ट्यूजडे, ॲण्ड आय थिंक दे गॉट द मेसेज.’

माझा एक सहकारी म्हणतो, रायट म्हणजे दंगल आणि ॲक्ट म्हणजे कायदा, तेव्हा हे लोक कंपनीवर केस करणार. दुसरा म्हणतो, तिकडचे लोक असंच बोलतात, गंमत आहे, सोडून दे. मी मराठी माध्यमात शिकले. इतकी वर्षं इंग्रजीत काम करते, तरी असं एखादं वाक्य आलं की पायाखालची जमीन सरकते. या वाक्याचा अर्थ काय? मी मेल पाहिली हे त्याला सांगू का? आणि माझ्या टीममधल्या एका मुलाला मलाही एकदा नीट बजावायचं आहे. तेव्हा हा वाक्प्रचार वापरला तर चालेल का?

– एक वाचक, पुणे

*

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या कंपनीवर कुणीही केस करत नाहीये. हे सगळ्यात आधी सांगते, म्हणजे आज रात्री तुम्हाला झोप लागेल.

‘रीड समवन द रायट ॲक्ट’ म्हणजे एखाद्याला सज्जड दम देणं. जे चाललंय ते थांबवा, नाहीतर परिणाम भोगायची तयारी ठेवा, असं अधिकारानं आणि निक्षून सांगणं. यात कोर्ट नाही, वकील नाही, नोटीस नाही. तिन्हीसांजेपर्यंत घरात धुडगूस घालणाऱ्या पोरांना आई हा ‘ॲक्ट’ वाचून दाखवते, सतत उशिरा येणाऱ्या वर्गाला मुख्याध्यापक वाचून दाखवतात, मध्यंतराला दोन गोलांनी मागे पडलेल्या संघाला प्रशिक्षक वाचून दाखवतो. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रंसुद्धा हायकोर्टानं एखाद्या महापालिकेला फटकारलं की मथळ्यात हाच वाक्प्रचार घालतात. तिथेही न्यायमूर्ती कुठला कायदा वाचत नसतात, ते तंबी देत असतात.

पण तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्याचं म्हणणंही मला मान्य नाही. ही गंमत नव्हे. त्या मॅनेजरच्या मनात मंगळवारचा कॉल हा शेवटचा इशारा होता, आणि तसा तो दिला गेला असं त्यानं आपल्या वरिष्ठांना लेखी कळवलंय. तुम्ही मात्र तो कॉल नेहमीचा आढावा समजलात. मला तुमच्या पत्रातली काळजीची गोष्ट ही वाटते. वाक्प्रचाराचा अर्थ कुठल्याही शब्दकोशात सापडेल. इशारा देऊन झाला आणि ज्याला दिला त्याला तो कळलाच नाही, याची दखल शब्दकोश घेत नाही. आणि योगायोग असा, की ज्या कायद्यावरून हे शब्द आले त्याच्या इतिहासातही हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो. म्हणून तो इतिहास जरा सविस्तर सांगते.

कायदा खराच होता, इतपत तुमचा पहिला सहकारी बरोबर आहे. १७१४ मध्ये इंग्लंडची राणी ॲन वारली आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरहून आलेला जॉर्ज पहिला गादीवर बसला. अनेकांना तो परका वाटत होता. त्याच्या राज्याभिषेकाच्या दिवशी कित्येक गावांत दंगे झाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात जमावांनी अधिकृत चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंट पंथांची प्रार्थनागृहं फोडायला सुरुवात केली. ते आवरण्यासाठी संसदेनं ‘रायट ॲक्ट’ केला. १ ऑगस्ट १७१५ पासून तो अमलात आला.

त्याची रीत अशी. बारा किंवा अधिक माणसं एकत्र जमून दंगा करत असतील, तर न्यायदंडाधिकारी, शेरीफ किंवा महापौर यांच्यापैकी कुणीतरी, जिवाला धोका न होता जाता येईल तितकं, जमावाच्या जवळ जायचं. आधी शांत राहण्याचा हुकूम द्यायचा. मग मोठ्या आवाजात एक छोटा जाहीरनामा वाचायचा. त्याचा मथितार्थ असा, की आपले सार्वभौम महाराज इथे जमलेल्या सर्वांना आज्ञा करतात, सगळ्यांनी ताबडतोब पांगावं आणि शांतपणे आपापल्या घरी किंवा आपापल्या रीतसर कामाला जावं. न गेल्यास या कायद्यात सांगितलेली शिक्षा होईल. शेवटी ‘गॉड सेव्ह द किंग’. म्हणजे लोकांसमोर वाचला जायचा तो अख्खा कायदा नव्हता, त्यातलं हे एवढंसं फर्मान होतं.

फर्मान वाचून झालं की एक तासाची मुदत. या तासात जो निघून गेला त्याच्यावर या कलमाखाली गुन्हा नाही. तासानंतरही बारा किंवा अधिक जण तिथेच राहिले, तर तो देहदंडाचा गुन्हा. आणि त्यांना हुसकावताना कुणी जखमी झालं किंवा मेलं, तर हुसकावणाऱ्यांना कायद्याचं संरक्षण. १८३७ मध्ये देहदंड गेला आणि त्याच्या जागी समुद्रापारची हद्दपारी आली, पण इतकी वर्षं या तासाच्या पलीकडे फाशी उभी होती.

इतकी कठोर शिक्षा असल्यामुळे न्यायालयं वाचनाच्या बाबतीत अक्षरशः काटेकोर होती. १८३० च्या एका खटल्यात ‘गॉड सेव्ह द किंग’ हे शेवटचे शब्द वाचायचे राहून गेले होते, आणि तेवढ्यावरून आरोपींची शिक्षा टिकली नाही. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. ज्याच्या हातात मारण्याची ताकद आहे, त्यानं निदान इशारा तरी पूर्ण आणि जसाच्या तसा दिला पाहिजे, हा आग्रह त्यामागे आहे.

प्रत्यक्षात मात्र गोंधळ व्हायचे. १७८० च्या जूनमध्ये लंडनमध्ये गॉर्डन दंगली झाल्या. कॅथलिकांना दिलेल्या सवलतींविरुद्ध निघालेल्या जमावानं आठवडाभर शहर वेठीला धरलं, न्यूगेटचा तुरुंग जाळला. दंडाधिकारी फर्मान वाचायला धजेनात, आणि ते वाचल्याशिवाय आणि तास उलटल्याशिवाय आपण काही करू शकत नाही या समजुतीनं सैनिक बघत उभे राहिले. शेवटी दंडाधिकाऱ्यांची वाट न पाहता सैन्यानं कारवाई करावी असा हुकूम राजाकडून निघाला, तेव्हा दंगल शमली. त्यात शेकडो माणसं मेली.

आता तुमच्या क्लायंटच्या गावाकडे येऊ. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर साधारण साठ हजार माणसं जमली होती. कापडगिरण्यांतले कामगार, विणकर, त्यांच्या बायका, मुलं. पुष्कळजण ठेवणीतले कपडे घालून आले होते. मागणी होती संसदेत प्रतिनिधित्वाची, कारण एवढ्या मोठ्या मँचेस्टरला तेव्हा स्वतःचा एकही खासदार नव्हता. हेन्री हंट हा वक्ता बोलायला उभा राहिला. मैदानाच्या कडेच्या एका घरात दंडाधिकारी बसले होते. त्यांनी हंटला पकडायचा हुकूम काढला आणि घोडेस्वार गर्दीत घुसवले. तलवारींखाली आणि घोड्यांच्या टापांखाली पंधराहून अधिक माणसं मेली, शेकडो जखमी झाली. चारच वर्षांपूर्वीच्या वॉटर्लूच्या लढाईवरून लोकांनी या प्रसंगाला ‘पीटर्लू’ असं नाव दिलं.

आम्ही ‘रायट ॲक्ट’ वाचला होता, असं दंडाधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. घराच्या खिडकीतून तो वाचला गेला असं सांगितलं गेलं. मैदानातल्या असंख्य लोकांनी मात्र आपण काहीच ऐकलं नाही असं सांगितलं. साठ हजारांच्या गर्दीत, घोषणांच्या आणि वाद्यांच्या आवाजात, एका खिडकीतून वाचलेले शब्द कुणाच्या कानापर्यंत पोचणार? तो खरंच वाचला की नाही यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. माझ्या मते वाचला असला तरी फरक पडत नाही. ज्यांनी पांगायचं होतं त्यांना ऐकूच गेलं नसेल, तर तो वाचणाऱ्याच्या सोयीपुरता वाचला गेला. आणि मुदतीचा तास तर कुणाला मिळालाच नाही.

शंभर वर्षांनी, १९१९ च्या ३१ जानेवारीला, ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये कामाचे तास कमी करण्यासाठी संपावर गेलेले कामगार जमले होते. तिथला शेरीफ फर्मान वाचत असतानाच गर्दीतून कुणीतरी त्याच्या हातातला कागदच हिसकावून घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलिसांच्या संपाच्या वेळी लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेडमध्ये तो वाचला गेला. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरचं ते शेवटचं वाचन मानतात.

आणि याच १९१९ मध्ये, १३ एप्रिलला, अमृतसर. सकाळी शहरात काही ठिकाणी दवंडी पिटून सभा-मिरवणुकांना बंदी जाहीर केली होती. ती सगळ्यांपर्यंत पोचली नव्हती, आणि बैसाखीसाठी बाहेरगावाहून आलेल्यांना तर तिचा पत्ताही नव्हता. संध्याकाळी जनरल डायर जालियनवाला बागेत शिरला आणि एक शब्दही न बोलता त्यानं गोळीबार सुरू केला. दहा मिनिटं, १,६५० फैरी. सरकारी आकडा ३७९ मृतांचा, खरा आकडा त्याहून बराच मोठा असल्याचं आपल्याकडे मानलं जातं. तिथे ब्रिटनमधला तो कायदा लागू नव्हता. पण पुढे चौकशी करणाऱ्या हंटर समितीनं डायरवर जे ठपके ठेवले, त्यात एक हाच होता की जमावाला पांगण्याची सूचना न देता गोळीबार केला. आपले हुकूम मोडले गेले, म्हणून लगेच गोळ्या झाडणं हेच आपलं कर्तव्य वाटलं, अशी त्याची साक्ष होती. आधी सांगणं, ऐकू जाईल असं सांगणं आणि मग निघून जायला वेळ देणं, या तीन गोष्टी वगळल्या की काय उरतं ते आपल्या लोकांनी त्या बागेत भोगलं आहे.

‘रायट ॲक्ट’ १९७३ मध्ये ब्रिटनच्या कायद्यांच्या यादीतून पूर्णपणे काढून टाकला गेला. १९८६ च्या नव्या कायद्यात दंगलीच्या व्याख्येत बारा माणसांचा आकडा मात्र तसाच राहिला. आपल्याकडे हा आकडा पाच आहे, आणि दंडाधिकारी किंवा पोलीस अधिकारी जमावाला पांगण्याचा आदेश देतात. ठाणेदार लाउडस्पीकरवरून सांगतो ते ऐकलंच असेल तुम्ही. ठरावीक शब्द वाचून दाखवण्याची सक्ती आपल्या कायद्यात नाही.

कायदा जिवंत असतानाच, एकोणिसाव्या शतकात, इंग्रज माणूस घरातल्या रागावण्याला हे शब्द लावायला लागला होता. त्यामुळे आज मँचेस्टरमधला तुमचा मॅनेजर जेव्हा ते लिहितो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ना राजा जॉर्ज असतो ना पीटर्लू. पण शब्दांच्या आत जुना सांगाडा शाबूत आहे : चूक एकदाची नसून वारंवार झालेली असते, बोलणाऱ्याच्या हाती अधिकार असतो, आता सुधारायला थोडी मुदत आहे, आणि मुदतीनंतर जे होईल ते गंभीर असेल.

म्हणूनच मराठीत त्याला ‘खरडपट्टी काढली’ किंवा ‘चांगलंच झापलं’ म्हटलं तर अर्धाच अर्थ येतो. खरडपट्टी झालेल्या गोष्टीबद्दल असते. ‘रायट ॲक्ट’ पुढच्या गोष्टीबद्दल असतो. ‘तंबी दिली’, ‘सज्जड दम भरला’ किंवा ‘निक्षून बजावलं’ हे त्याच्या जवळचं. ही निवड नुसती भाषेची नाही. तुमच्या टीमला तुम्ही ‘आपल्याला झापलं’ असं सांगितलंत तर पोरं चार दिवस तोंड पाडून बसतील. ‘आपल्याला शेवटची तंबी मिळाली आहे’ असं सांगितलंत तर कामाला लागतील.

वापराबद्दल दोन-चार गोष्टी. शब्दांची जुळणी पक्की आहे. ‘रीड’, मग ज्याला सुनावलं तो, मग ‘द रायट ॲक्ट’. किंवा ‘रीड द रायट ॲक्ट टू’ आणि मग ती व्यक्ती. ‘द’ गाळायचा नाही, ‘अ रायट ॲक्ट’ म्हणायचं नाही, आणि ‘टोल्ड’ किंवा ‘गेव्ह’ असं दुसरं क्रियापदही चालत नाही. भूतकाळात स्पेलिंग तेच राहतं पण उच्चार ‘रेड’ होतो. तुम्ही पत्रात तो बरोबर लिहिलात. हा वाक्प्रचार वरून खाली वाहतो. साहेब टीमला, मालक भाडेकरूला, वैतागलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला हा ‘ॲक्ट’ वाचू शकतं. कनिष्ठानं वरिष्ठाला वाचला असं सहसा कुणी म्हणत नाही. आणि तो बहुतेक वेळा मागाहून, तिसऱ्याला सांगताना वापरतात. ‘मी आता तुम्हाला रायट ॲक्ट वाचून दाखवतो’ असं तोंडावर म्हणणारा इंग्रज विरळा. मंगळवारच्या कॉलवर हे शब्द तुमच्या कानावर पडले नाहीत आणि गुरुवारच्या मेलमध्ये दिसले, यात म्हणूनच काही आश्चर्य नाही. बोलीभाषेतला, मोकळ्या गप्पांमधला शब्द आहे हा. बैठकीचं इतिवृत्त, एचआरकडची तक्रार, वार्षिक मूल्यमापन, कंत्राटाचा पत्रव्यवहार यांत तो घालू नका. तिथे ‘वॉर्न्ड’ पुरे. आणि खऱ्या दंगलीची, गोळीबाराची, मृतांची बातमी चाललेली असेल तिथे तर मुळीच नको, कारण तिथे तो जुना अर्थ जागा होतो आणि ऐकणाऱ्याच्या जिव्हारी लागतो.

आता मंगळवारच्या कॉलकडे परत जाऊ. त्या मॅनेजरचं प्रत्येक वाक्य मऊ होतं आणि प्रत्येकात एक अट होती. ब्रिटिश कार्यालयांत ‘थोडी काळजी वाटते’ याचा अर्थ पुष्कळदा ‘हे गंभीर आहे’ असा असतो. ‘अहवाल आधी पाहायला आवडेल’ म्हणजे अहवाल आल्याशिवाय रिलीझ घेणार नाही. ‘इतर पर्यायांचा विचार करावा लागेल’ म्हणजे काम दुसऱ्या कंपनीला देऊ. हे बोलून झाल्यावर त्याच्या दृष्टीनं फर्मान वाचून झालं होतं. तुम्ही ‘शुअर’ म्हणालात ती त्याला पोच वाटली. ‘आय थिंक दे गॉट द मेसेज’ हे त्यानं त्यावरून लिहिलं.

दोष कुणाचा म्हणाल तर मी जास्त त्याचा म्हणेन. जुन्या कायद्यानं वाचणाऱ्यावर जबाबदारी टाकली होती : जवळ जा, शांतता करायला सांग, मोठ्यानं वाच. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या भाषेत वाढलेल्या टीमला इतकी महत्त्वाची गोष्ट सांगताना त्यानं ती स्पष्ट शब्दांत सांगायला हवी होती आणि कॉलनंतर दोन ओळी लिहून पाठवायला हव्या होत्या. हे त्यानं केलं नाही. पण कंत्राट तुमचं जाणार आहे, त्याची नोकरी नाही. तेव्हा उरलेलं काम तुम्हालाच करावं लागेल, आणि मुदत अजून संपलेली नाही ही त्यातली चांगली बाजू.

पहिलं म्हणजे, त्याला काही लिहिण्याआधी तुमच्या स्वतःच्या मॅनेजरला ती मेल दाखवा. काम दुसरीकडे जाण्याची शक्यता आहे ही गोष्ट टीम लीडनं एकटीनं पोटात ठेवायची नसते. उद्या खरंच तसं झालं आणि तुम्हाला आधीपासून माहीत होतं असं निघालं, तर तुमची बाजू लंगडी पडेल. सहकाऱ्यांमध्ये ती मेल आणखी फिरवू नका. दोघांना दाखवलीत तेवढं पुरे झालं.

मग त्याला लिहा, आणि मेल पाहिली हे लपवू नका. ती मेल कुणाकुणाला गेली याची यादी त्यानं पुन्हा उघडली की त्याला तुमचं नाव दिसणारच आहे. कदाचित दिसलंही असेल आणि तोही तिकडे अवघडून बसला असेल. एक ओळ पुरते : ‘यू कॉपीड मी इन ऑन युवर मेल ऑन थर्सडे, आय थिंक बाय मिस्टेक.’ बस. त्या वाक्प्रचाराचा उल्लेख नको, दुखावल्याचा सूर नको, ‘आम्हाला दंगलखोर समजता का’ असलं तर चुकूनही नको.

त्यानंतर लगेच मुद्द्यावर या. मंगळवारी आम्हाला जे समजलं ते असं, म्हणून त्याच्या अटी तुमच्या शब्दांत मांडा : चाचणीचा पूर्ण अहवाल रिलीझच्या आधी तुमच्याकडे येईल, तो तुम्ही मान्य केल्याशिवाय रिलीझ होणार नाही, आणि पुढची रिलीझ उशिरा गेली तर तुम्ही काम दुसरीकडे हलवण्याचा विचार कराल. मग विचारा, की आम्हाला हे बरोबर समजलं आहे ना, काही राहिलं असेल तर सांगा. हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. इंग्रजी कमी येतं म्हणून विचारताय असं त्याला वाटणार नाही. नीट काम करणारी माणसं अटी लिहून पक्क्या करतात, हे त्यालाही ठाऊक आहे. बिलं चुकल्याबद्दल एका वाक्यात माफी मागा, तीन परिच्छेदांत नको. कारणं सांगायची असतील तर ती त्यानं विचारल्यावर.

आता तुमच्या टीममधला तो मुलगा. त्याच्यावर हा वाक्प्रचार वापरू नका. एक तर मघाशी म्हटलं तसं तो तोंडावर बोलायचा शब्द नाही, आणि दुसरं, तुमच्या मनात जी भीती निर्माण झाली तीच त्याच्या मनात होईल. त्याला एकट्याला बोलवा, सगळ्यांसमोर नको, आणि त्याची भाषा मराठी असेल तर सरळ मराठीत बोला. आधी त्याला विचारा की उशीर का होतोय. घरी कुणी आजारी असेल, दोन प्रोजेक्टांमध्ये ओढाताण होत असेल, एखादं काम येतच नसेल आणि विचारायला लाज वाटत असेल. यातलं काही निघालं तर तंबीची गरजच राहणार नाही, मदत लागेल, आणि ती देणं तुमच्या हातात आहे.

तसं काही नसेल तर मग मात्र आडपडदा ठेवू नका. काय थांबायला हवं, कधीपर्यंत, आणि नाही थांबलं तर काय होईल, हे सगळं स्वच्छ सांगा. परिणाम असा सांगा की जो तुम्ही खरोखर अमलात आणू शकता. ‘नोकरी जाईल’ हे तुमच्या अधिकारात नसेल तर ते बोलू नका, ‘हे मॉड्यूल मी दुसऱ्याकडे देईन’ हे असेल तर तेच बोला. आवाज चढवायची गरज नाही, पण वाक्यं मऊही करू नका. ‘जरा बघ ना’, ‘जमलं तर’, ‘पुढच्या वेळी लक्षात ठेव हं’ हे आपले मराठी मऊ शब्द त्या मॅनेजरच्या ‘पाहायला आवडेल’सारखेच ऐकणाऱ्याच्या अंगावरून घरंगळून जातात. बोलणं झालं की त्यालाच म्हणा, आपलं काय ठरलं ते तू सांग. त्यानं ते बरोबर सांगितलं तर पोचलं असं समजा. ‘हो मॅडम, हो मॅडम’ एवढंच म्हणाला तर पोचलेलं नाही, पुन्हा सांगा.

एक कळकळीची विनंती. त्याच्याशी बोलल्यावर तुमच्या साहेबांना ‘आय रेड हिम द रायट ॲक्ट’ असं लिहू नका. अशी वाक्यं दुसऱ्याच्या अपमानावर आपला रुबाब दाखवतात, आणि चुकून त्याच माणसाच्या हाती पडली तर काय होतं ते तुम्ही या आठवड्यात अनुभवलं आहे. ‘त्याच्याशी बोलले, अमुक तारीख ठरली’ एवढं पुरे.

मराठी माध्यमाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. तो कायदा कोणत्या राजाचा, मुदत किती, हे तुमच्या मँचेस्टरच्या मॅनेजरला विचारलंत तर तोही बहुधा अडखळेल. त्यानं हे शब्द घरात किंवा शाळेत ऐकून उचलले, तुमच्या कानावर ते पडले नव्हते, एवढाच फरक. अनोळखी वाक्प्रचार दिसला की शब्द सुटे करून अर्थ लावायच्या आधी वाक्याचा दुसरा अर्धा भाग वाचायचा. तुमच्या मेलमध्ये तो होता : ‘त्यांना कळलं असं वाटतं’. ज्याच्यावर खटला भरायचा असतो त्याच्याबद्दल असं कुणी लिहीत नाही. आणि तरीही नक्की कळलं नाही, तर कुणालाही विचारा. मला लिहिलंत तसंच.

त्या मॅनेजरला सोमवारीच लिहून टाका. आणि त्या मेलमध्ये पुढच्या रिलीझची तारीख आणि चाचणीचा अहवाल त्याला ज्या दिवशी मिळेल तो दिवस, हे दोन्ही घाला.

– तुमची ताई